फॅलो टेट्रॉलॉजीच्या शस्त्रक्रियेनंतर: मोठेपणी हृदय कसे जपावे

फॅलो टेट्रॉलॉजी या जन्मजात दोषात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, त्यामुळे बाळ निळे पडते. १९५४ पासून यावर हृदय उघडून दुरुस्ती होऊ लागली. आज चांगल्या केंद्रांत लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक तीस वर्षांनंतरही हयात असतात. मात्र ‘ऑपरेशन झाले, आता काही नाही’ असे समजून अनेक कुटुंबे तपासणी सोडून देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे कवच अठराव्या वर्षी संपते आणि बालहृदयरोगतज्ज्ञही सुटतात, तेव्हा तर हे हमखास घडते.

सर्वप्रथम कागद गोळा करावेत. डिस्चार्ज कार्डापेक्षा शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद अधिक मोलाची असते, म्हणून ती रुग्णालयाच्या नोंदणी विभागाकडे लेखी अर्ज करून मागावी. तीत ‘ट्रान्सअ‍ॅन्युलर पॅच’ हे शब्द आहेत का, ते पाहावे. असल्यास अरुंद वाट मोकळी करताना फुप्फुसधमनीच्या झडपेच्या कडेवरून छेद घेऊन ठिगळ लावलेले आहे, आणि ती झडप आयुष्यभर गळत राहणार, असे धरून चालावे. ईसीजीची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही वर्षांत पुसट होते. तिची झेरॉक्स काढून ठेवावी. लॅमिनेशन करू नये, कारण त्या उष्णतेने ती काळी पडते.

ही गळती वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसली जाते, आणि धोका नेमका इथेच आहे. रक्त मागे येत राहिल्याने उजवा खालचा कप्पा हळूहळू फुगतो, पण दम लागणे किंवा थकवा येणे पुष्कळ उशिरा सुरू होते. तोवर कप्प्याची ताकद कमी झालेली असू शकते आणि झडप बदलूनही ती पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून त्रास नसतानाही साधारण वर्षातून एकदा ईसीजी व टू-डी इको करावा, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने हृदयाचा एमआरआय करावा, कारण उजव्या कप्प्याचे आकारमान इकोपेक्षा त्यात अधिक खात्रीने मोजता येते. शक्य तेथे प्रौढांमधील जन्मजात हृदयदोषांचा अनुभव असलेले तज्ज्ञच गाठावेत. झडप बदलावी लागली, तर काही रुग्णांमध्ये छाती न उघडता मांडीतील शिरेतून नवी झडप बसवता येते.

अचानक धडधड सुरू होऊन थांबत नसेल, किंवा भोवळ येऊन शुद्ध हरपली असेल, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी थांबू नये. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. ती थांबल्यावर काढलेला ईसीजी पुष्कळदा काहीच सांगत नाही.

रोज दोनदा दात घासणे आणि नियमित दंततपासणी ही हृदयाचीच काळजी आहे, कारण हिरड्यांतील जंतू रक्तात शिरून झडपेवर घर करू शकतात. कृत्रिम झडप असल्यास, किंवा पूर्वी असा संसर्ग झाला असल्यास, दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते, म्हणून दंतवैद्याला आधीच सांगावे. ताप आठवडाभर हटत नसेल, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. औषधानंतर जंतू सापडणे अवघड होते.

चालणे, पोहणे, सायकल हे व्यायाम बहुतेकांना चालतात. स्पर्धात्मक खेळ मात्र तपासणीनंतरच खेळावेत.

मुलीच्या लग्नाच्या वेळी हा दोष लपवण्याकडे घरच्यांचा कल असतो, पण त्याची किंमत तिलाच गरोदरपणात मोजावी लागते. दुरुस्ती चांगली झालेल्या बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण नीट पार पडते, परंतु दिवस जाण्यापूर्वीच तपासणी व्हायला हवी आणि बाळंतपण हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात व्हायला हवे. बाळाला हृदयदोष असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असल्याने साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचा इको करून घ्यावा. हा दोष आईऐवजी बापाला असेल तरीही.