जमिनीचा विसार देण्याआधी वकिलांकडून काय लिहून घ्यावे

जमीन खरेदी करताना बहुतेक लोक वकिलाकडे खरेदीखताचा मसुदा करण्यापुरतेच जातात, आणि तोवर विसाराची, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ, रक्कम दिलेली असते. हा क्रम उलटा हवा. तालुक्याच्या गावी सर्व प्रकारची कामे पाहणाऱ्या वकिलाला आधी मागील 30 वर्षांचा लेखी शोध अहवाल मागावा, ज्यासाठी ते दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची), जुने सातबारा आणि प्रत्येक नोंदीमागचा फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) तपासतात.

चालू सातबारावर विक्रेत्याचे नाव दिसले म्हणजे झाले, असे समजू नये. ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या रकान्यातच गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचे (जमीन कसणाऱ्याचे) नाव किंवा बहिणींचे हक्क नोंदलेले असतात, आणि घाईत नेमका तोच वाचायचा राहतो. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागेल का, याचे उत्तर अहवालात स्पष्ट मागावे. नोंदणी न झालेला साठेकरार (पुढे विक्री करण्याचा करार) सूची क्रमांक दोनमध्ये सापडत नसल्यामुळे स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. तो खर्च टाळण्याचा मोह, माझ्या मते, महागात पडतो.

फी ठरवताना शोधाचे शुल्क, नोटिशीचा खर्च आणि मसुदा यांपैकी कशाकशाचा तीत समावेश आहे हे लिहून घ्यावे, आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी.