बँडमध्ये बेस हरवतोय? आधी 'बेस'चा नॉब सोडा

घरी एकट्यानं वाजवताना बेस गिटार झकास वाटते. ड्रम आणि बाकीच्या गिटारी सुरू झाल्या की उरते नुसती घूंघूं. मग हात हमखास प्रीअँपच्या (अँपच्या आधी टोन घडवणाऱ्या सर्किटच्या) 'बेस' नॉबकडे जातो, आणि घूंघूं आणखी वाढते.

१. सगळे नॉब मधोमध ठेवा. आवाज थोडा कमी करा, पुढची पायरी कानाला त्रास देते.
२. मिड, म्हणजे मधल्या फ्रीक्वेन्सींचा नॉब, बराच वाढवा. एकच सूर वाजवत शेजारचा, मिड नेमका कुठं लागू होतो ते ठरवणारा, फ्रीक्वेन्सीचा नॉब सावकाश फिरवा. रिकामा पिंप बडवल्यासारखा आवाज बहुधा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सापडतो.
३. तिथंच थांबून मिड मधल्या खुणेच्याही ३-४ डेसिबल खाली आणा.

दुसरा मिड असेल तर ८०० हर्ट्झजवळ किंचित वाढवा, बोटांचा ठोका स्पष्ट होतो. एकट्यानं ऐकताना हा टोन जरा नाकातला वाटेल. वाटू दे, सेटिंग बँडसोबतच ठरवा.

छोट्या अँपवर मात्र 'बेस' फार चढवू नका. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झचा. आठ इंची स्पीकरला तो पेलत नाही, नुसता फडफडतो.