हार्मोन डाएट सुरू करायच्या आधी एवढं बघून घ्या

कोणी हार्मोन डाएटचं कौतुक सांगायला लागलं की आधी दोनच गोष्टी विचारायच्या, हार्मोन कोणतं आणि दिवसाला कॅलरी किती. कॅलरी 500 सांगितल्या तर बहुतेक तो एचसीजी डाएटच असतो, नाव काहीही ठेवलेलं असो.

एचसीजी म्हणजे गरोदरपणात वारेतून तयार होणारं हार्मोन, प्रेग्नन्सी टेस्टवर दुसरी रेघ येते ती याच्यामुळेच (इंजेक्शन घेत असाल तर दिवस गेलेले नसतानाही ती रेघ उमटू शकते, घाबरू नका). 1954 मध्ये डॉ. अल्बर्ट सिमिअन्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की याचं रोज छोटं इंजेक्शन आणि सोबत 500 कॅलरी, की भूक लागत नाही. नंतर काही लोकांना हार्मोन आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचून बघितलं, तर वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. अमेरिकेत तर 70च्या दशकापासून त्या औषधावर छापावंच लागतं की वजन कमी करायला याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. आणि थेंब किंवा गोळ्या विकत असतील तर विषयच संपला, हे प्रोटीन आहे, पोटात गेलं की पचून जातं, म्हणून तर इन्सुलिनचीही गोळी नसते.

मग वजन उतरतं कसं? कागद घ्या. तुम्हाला दिवसाला 2000 लागतात आणि खाताय 500, म्हणजे 1500 ची तूट. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी, म्हणजे पाच दिवसात जेमतेम एक किलो. काटा चार किलो कमी दाखवत असेल तर उरलेलं बरंचसं पाणी, कारण साठवलेली साखर संपते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं, शिवाय थोडे स्नायूही जातात. नीट खायला लागलात की ते पाणी परत येतं आणि माणूस स्वतःलाच शिव्या घालत बसतो.

तरी करणारच असाल तर डॉक्टरांना सांगून करा, मधेमधे रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासा. छातीत धडधड, चक्कर, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला कळ (पित्ताचे खडे होतात असे), पाय सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. केसही गळतात, पण लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. माझ्या मावसबहिणीचं डाएट केव्हाच बंद झालेलं आणि मग कंगव्यात गुंता यायला लागला, ती बिचारी शाम्पू बदलत बसली.

'हार्मोन बॅलन्स'साठी थायरॉइडच्या गोळ्या देणारे पण आहेत. थायरॉइड नॉर्मल असताना त्या घेतल्या की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे टीएसएचचा (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघितल्याशिवाय गोळी नाही.

खरा हार्मोनचा खेळ पुढे असतो. 2011 च्या एका अभ्यासात 50 जणांना 10 आठवडे 500-550 कॅलरींवर ठेवलं, त्यांची भूक वाढवणारी हार्मोन्स वर्षभरानंतरही चढलेली होती आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी. म्हणून डाएट सांगणाऱ्याला शेवटचा प्रश्न हा विचारा, की बंद केल्यावर त्या वर्षाचा प्लॅन काय आहे.