कॅलिपर घरी उघडावा की तयार आणावा: आधी निपल सोडवून पाहा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की माझी गाडी उजवीकडे ओढू लागली आणि साताऱ्यात घरी पोहोचेपर्यंत पुढच्या उजव्या चाकाजवळ हात धरवेना. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, जाम झाल्याचे ओळखून मी सील किट आणले, रविवारी दिवसभर खपून पिस्टन काढला, घासला, नवे सील बसवले आणि संध्याकाळी ब्रेकच्या तेलातली हवा काढण्यासाठी कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला, पाना लावला, तर तो अर्ध्यातून तुटून पान्यातच राहिला. शेवटी रिकंडिशन केलेला कॅलिपर आणावाच लागला आणि तोवर गाडी घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) उभी होती. आता डाव्या बाजूची पाळी आली आहे, म्हणून ही यादी लिहून ठेवतो.

जॅक, घोडी, मागच्या चाकांना दगड, हातमोजे, चष्मा हे असतेच. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचे नाही.

सर्वांत आधी निपल. किट विकत घेण्याआधी, कॅलिपरला तेल पोहोचवणारा होस पाइप सोडण्याआधी, कॅलिपरचा एकही बोल्ट हलवण्याआधी निपल सुटतो की नाही हे पाहावे. हा निपल आतून पोकळ असतो, त्याची भिंत पातळ असते, आणि वरची रबरी टोपी हरवली की पावसाचे पाणी व चिखल त्या भोकात साचून तो आतून गंजतो. तारेच्या ब्रशने त्याचे मूळ स्वच्छ करावे, आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे. दुतोंडी पाना वापरू नये, कारण त्याने कोपरे झिजतात. नेमक्या मापाचा सहा कोनांचा सॉकेट घ्यावा. आधी किंचित घट्ट करून पाहावे, मग सैल करावे, आणि लोखंड पिळवटल्यासारखे हाताला जाणवले तर तिथेच थांबावे. निपल सुटला तर घरी उघडण्याचा विचार करावा; तुटला तर किटचे पैसे वाचले असे समजून तयार कॅलिपर मागवावा. गाडी निदान चारही चाकांवर उभी असते.

निपल आधी उघडण्याचे दुसरेही कारण आहे. चाक अडकलेले असताना निपल उघडला आणि चाक मोकळे झाले, तर दोष बहुधा पिस्टनचा नसून आतून फुगलेल्या होस पाइपचा असतो, कारण तेलाचा दाब परत फिरू शकत नाही. मग कॅलिपर बदलून काहीच साधणार नाही. चाक तरीही अडकलेलेच राहिले, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना पाहाव्यात. पिना नुसत्या कोरड्या पडल्या असतील तर साफ करून सिलिकॉन ग्रीस लावल्यावर काम भागते.

पिस्टन काढताना होस पाइप जोडलेला ठेवून पेडलच्या दाबाने तो बाहेर ढकलावा आणि समोर लाकडाची फळी ठेवावी. हवेच्या कॉम्प्रेसरने काढला तर तो गोळीसारखा सुटतो. तिथे बोट ठेवू नये. मग पिस्टन उजेडात फिरवून पाहावा, नख ओढावे. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये चौकोनी सील सिलिंडरच्या खाचेत बसलेले असते आणि पिस्टनच्या अंगावर दाबून तेल अडवते, म्हणून सिलिंडरवरचा हलका डाग चालतो, पण पिस्टनवर नखाला लागणारा खड्डा चालत नाही. असा पिस्टन नवा मिळत नसेल तर घरी उघडण्याचा हट्ट सोडावा. हँडब्रेकची यंत्रणा आत असलेला मागचा कॅलिपर तर मी घरी उघडणारच नाही.

सील बसवताना फक्त स्वच्छ ब्रेक ऑइल लावावे. इंजिन ऑइल, डिझेल, साधे ग्रीस यांपैकी काहीही लागले तर रबर फुगते आणि पिस्टन पुन्हा जाम होतो.

तयार कॅलिपर घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे की पिस्टन नवा आहे का, दाबाखाली तपासला आहे का, निपल नवा आहे का आणि सहज फिरतो का. हे शेवटचे काउंटरवरच हाताने फिरवून पाहावे. नुसता रंग मारलेला जुना कॅलिपरही चकचकीत दिसतो. जुना जमा करायचा असेल तर ते आधी ठरवावे, आणि डावा-उजवा नीट पाहावा: अदलाबदल झाली तर निपल खाली येतो आणि हवा वरच अडकून राहते.

होस पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टची तांब्याची वॉशर नवी घालावी. ब्रेक ऑइल बंद डब्यातले असावे, कारण डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषला की १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात हा फरक जीवावर बेततो. रंगावर सांडले तर लगेच पाणी ओतावे.

हवा काढताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नये. पेडल कडक लागले पाहिजे. चाकाचे नट, मग गल्लीत सावकाश फेरी, मग गळती तपासणे. निपलवर रबरी टोपी बसवणे.