दात उजळवण्याआधी शिवशिव ओळखावी
तुळशीची लग्ने लागली की ठाण्यातील दंतवैद्यांकडे दात पांढरे करून घेणाऱ्यांची ये-जा वाढते. बहुतेकांची पहिली चौकशी असते ती दात किती उजळतील आणि किती दिवसांत उजळतील याची. माझ्या मते त्याआधी स्वतःलाच एक प्रश्न विचारायला हवा: माठातले गार पाणी प्यायल्यावर दात शिवशिवतात का? याचे उत्तर ‘हो’ असेल, तर दात उजळवता येणार नाहीत असे मुळीच नाही. पण तयारीचा क्रम बदलतो आणि तारीखही पुढे ढकलावी लागते.

दातांच्या त्रासासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि डॉक्टरांना निदान करताना त्यांचा खरोखर उपयोग होतो. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, बर्फाच्या गोळ्याने शिवशिवतात, खोल किडीने ठणकतात. थंड लागताच सणक यावी आणि थंड दूर होताच काही सेकंदांत ती थांबावी, ही शिवशिव. गरम चहानंतर मिनिटभर रेंगाळणारी किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना म्हणजे ठणका, आणि तो बहुधा दाताच्या आतील नसेला सूज आल्याचे लक्षण असतो. चावताना एकाच दातात कळ येत असेल, तर त्याला तडा गेला असण्याची शक्यता असते. त्यामुळे तपासणीच्या वेळी ‘सेन्सिटिव्हिटी आहे’ एवढेच सांगून थांबू नये. कोणता दात, कशाने दुखतो आणि किती वेळ दुखतो, हे सविस्तर सांगावे. ठणका किंवा कळ असताना व्हाइटनिंग करू नये, आधी त्या दातावर उपचार करावेत.

शिवशिव कशामुळे होते हे कळले की पुढच्या सूचना आपोआप समजतात. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, याला संवेदना नसते. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये मात्र अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले, किंवा कडक ब्रशने अथवा वर्षानुवर्षे मिशरी घासून दात मानेशी, म्हणजे हिरडीलगत, झिजला, की या नलिकांची तोंडे उघडी पडतात. मग गार, आंबट किंवा गोड लागले की तो द्रव हलतो आणि नसेला सणक जाते. व्हाइटनिंगच्या जेलमधील पेरॉक्साइड या रंग उडवणाऱ्या रसायनाचा रेणू इतका लहान असतो की तो एनॅमल आणि डेंटिन पार करून काही मिनिटांत आतील नसेपर्यंत पोहोचतो. म्हणूनच निरोगी दातही या उपचारानंतर शिवशिवू शकतात, आणि ज्यांच्या नलिका आधीच उघड्या आहेत त्यांना हा त्रास अधिक होतो. तो बहुतेक वेळा तात्पुरता असतो आणि काही दिवसांत ओसरतो.

लग्न किंवा समारंभ असेल तर तयारी किमान दीड-दोन महिने आधी सुरू करावी. प्रथम तपासणी करून किडलेले दात भरून घ्यावेत आणि स्केलिंग, म्हणजे दातांवर साठलेला थर काढून सफाई, करावे. चहा, तंबाखू आणि मिशरीचे डाग पुष्कळदा एवढ्यानेच निघतात व दात इतके स्वच्छ दिसू लागतात की व्हाइटनिंगची गरजच उरत नाही. ही शक्यता आधी पडताळून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्केलिंगनंतरही काही दिवस दात शिवशिवतात, त्यामुळे पुढच्या टप्प्यापूर्वी एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत. त्या काळात पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मऊ ब्रशने दिवसातून दोनदा वापरावी आणि दात घासून झाल्यावर पेस्ट फक्त थुंकावी, खळखळून चुळा भरू नयेत. पोटॅशियम नसेची संवेदना हळूहळू मंद करते, त्यामुळे दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून पेस्ट बदलू नये. लिंबू-सोडा किंवा कोळशाची पूड दातांवर घासणे या काळात पूर्णपणे थांबवावे, कारण लिंबाच्या आम्लाने एनॅमल विरघळते आणि पुडीने ते खरवडले जाते.

दवाखान्यात एका बैठकीत होणाऱ्या व्हाइटनिंगसाठी साधारणतः २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. घरी रात्री लावायच्या ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्यात, बहुधा १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते. त्यातील १० टक्क्यांचे जेल जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतके सौम्य असते. दात शिवशिवत असतील तर मी दुसरा मार्ग सुचवेन. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, पण त्रास झाल्यास एक रात्र सोडून ट्रे लावता येतो. दवाखान्यातलीच पद्धत निवडली, तर हिरड्यांवर संरक्षक थर लावणार का आणि सणक आल्यास जेल लगेच काढणार का, हे आधी विचारावे. कॅप आणि जुने फिलिंग यांचा रंग जेलने बदलत नाही. समोरच्या दातांत ती असतील तर व्हाइटनिंगनंतर सुमारे दोन आठवड्यांनी बदलावी लागू शकतात, त्यामुळे तो खर्चही आधीच धरावा. गर्भवती आणि स्तनदा महिलांनी, तसेच अठरा वर्षांखालील मुलांनी हा उपचार पुढे ढकलावा.

ब्यूटी पार्लरमध्ये व्हाइटनिंग करून घेऊ नये. दंतचिकित्सेसाठी कायद्यानुसार नोंदणी लागते आणि आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. नवी मुंबईत राहणाऱ्यांना नेरुळ आणि खारघर येथील दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही तपासणी करून घेता येते.

उपचारानंतरचे पहिले दोन दिवस गार पेये टाळून कोमट पाणी प्यावे. दहीभात, इडली, केळे, ज्वारीची भाकरी चालेल; मिसळीचा कट, हळदीची आमटी आणि काळा चहा नको. सोलकढी पोटाला थंड असली तरी आंबट आणि रंगीत असल्याने तीही थोडे दिवस बाजूला ठेवावी. सणक आलीच तर शिवशिवीची पेस्ट बोटाने त्या दातावर लावून काही मिनिटे राहू द्यावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. हिरडीवर पांढरा चट्टा दिसल्यास तो जेल लागल्याचा परिणाम असतो आणि बहुधा लवकर निवळतो. त्रास आठवडाभर टिकला किंवा एकाच दातात ठणका सुरू झाला, तर मात्र पुन्हा दाखवावे.

बैठक संपताच आरशात दिसणारा पांढरेपणा अंतिम समजू नये. त्या वेळी दात कोरडे पडलेले असतात आणि कोरडा दात आहे त्यापेक्षा अधिक पांढरा दिसतो. लाळेने तो पुन्हा ओलावला की रंग थोडा उतरतो. म्हणून शेड गाइडवरची, म्हणजे दातांच्या छटा दाखवणाऱ्या पट्टीवरची, नोंद दोन आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी आणि आणखी एक बैठक हवी की नको, हे त्या नोंदीवरून ठरवावे.