पेनड्राइव्ह रिकामा, तरी बॅकअप कॉपी होईना: माझा अनुभव

पंचवटीत आमचं शेती औषधांचं दुकान. हिशेबाची झिप फाइल रोज ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायचो. ऐन द्राक्ष हंगामात ती अडली. जागा भरपूर, तरी ‘फाइल टू लार्ज’. जुन्या फाइली उडवल्या, पोर्ट बदललं, तसाच नवा पेनड्राइव्ह आणला. चार दिवस नुसता डोक्याला ताप.

कारण फॅट३२, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली साठवायची जुनी पद्धत (फाइल सिस्टिम). त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावतच नाही, आमची ४.३ झालेली.

आधी पेनड्राइव्हवरचं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. मग ‘धिस पीसी’त त्यावर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एक्सफॅट (यात ४ जीबीची अट नाही), स्टार्ट. (ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा, चुकलात तर भलतंच पुसलं जाईल.) हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करून नवी झिप केली, कॉपी, इजेक्ट. घरच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून आदल्या दिवसाचं शेवटचं बिल उघडलं. रुपयासकट जुळलं.

दुसरा पेनड्राइव्हही तसाच करून घरी ठेवलाय. दर शनिवारी अदलाबदल.