देखाव्यातला तरंगता चुंबक: प्रवाह उलटवायची सोय ठेवा

गोव्यातल्या माशेलचे देखावे पाहून यंदाच्या चवथीत आपणही मखरात कमळ हवेत तरंगवावं असं वाटत असेल, तर एक लक्षात घ्या. वर बसवलेल्या कॉइलचा, म्हणजे विद्युतचुंबकाचा, प्रवाह नुसता चालू-बंद करून भागत नाही. खाली तरंगणारा निओडिमियम चुंबक कॉइलमधल्या लोखंडी गाभ्याकडे आपणहून ओढला जातो. फार जवळ गेला की प्रवाह शून्य केला तरी तो टक्कन जाऊन चिकटतो. त्याला मागे ढकलायला प्रवाह उलटा हवा, म्हणून एच-ब्रिज, म्हणजे प्रवाहाची दिशा उलटवू शकणारं सर्किट. एल२९८ ही एच-ब्रिजची चिप स्वस्त आहे खरी, पण दोनेक व्होल्ट स्वतःच गिळते. मॉसफेट या कमी व्होल्ट खाणाऱ्या ट्रान्झिस्टरवाला ड्रायव्हर बरा.

चुंबक किती जवळ आहे ते कळायला सेन्सर लिनियर हॉल घ्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र किती आहे ते सांगणारा; एसएस४९ई चालेल. ए३१४४ नको, तो फक्त हो किंवा नाही सांगतो. खरी गोची अशी की सेन्सरला कॉइलचं स्वतःचं क्षेत्रही दिसतं. कॉइलच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने तोंड करून एकेक सेन्सर बसवा आणि वजाबाकी करा: कॉइलचा वाटा बराचसा कटतो, चुंबकाचा उरतो.

चुंबक आधी हातात धरूनच तपासा. जवळ नेल्यावर ओढ वाढली तर कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा. थरथरला तर कंट्रोलरचा डेरिव्हेटिव्ह गेन (चुंबकाच्या हालचालीच्या वेगाला तो किती दाद देतो ते) थोडा वाढवा. पीडब्ल्यूएम (प्रवाह झटपट चालू-बंद करून कमी-जास्त करणं) २० किलोहर्ट्झच्या वर ठेवा, नाहीतर आरतीत कॉइलचीही शिट्टी ऐकू येईल.

भाद्रपदातल्या दमट हवेत जोडण्या सोल्डर केलेल्याच बऱ्या.